यास्नाया पोल्यानाचा एक दिवस

मॉस्कोहून टॉलस्टॉयच्या यास्नाया पोल्याना या जहागिरीला एका दिवसात जाऊन येता येते. सकाळच्या आगगाडीने तूला शहर गाठावे. तेथून ती दक्षिणेस सुमारे १४ किलोमीटरांवर. हीच सुमारे २०० किलोमीटरांची वाट १८८६ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, टॉलस्टॉयने पाठीवर पिशवी टाकून पायी तुडविली होती.

प्रवाशाचा वेळ बहुधा घर पाहण्यातच सरतो. परंतु बेत आखतानाच तासभर शेजारच्या रानासाठी राखावा. त्या रानातल्या घळीपाशी एक हिरवी काठी पुरली आहे आणि सर्व माणसे सुखी कशी होतील याचे गुपित तिच्यावर लिहिले आहे, असे थोरला भाऊ निकोलाय लहानपणी सांगे. तेथेच आपल्याला पुरावे, ही टॉलस्टॉयची इच्छा. १९१० मध्ये घर सोडून गेलेला तो आस्तापोवोच्या रेल्वेस्थानकावर निवर्तला आणि येथे परत आला. गवताने झाकलेल्या थडग्यावर ना क्रूस, ना नाव.

१९४१ मध्ये जर्मन सैन्याने याच थडग्याशेजारी आपले मृत सैनिक पुरले. पुढे ते तेथून हलविण्यात आले. सर्वांच्या सुखाचे गुपित जेथे शोधायचे, तेथवर युद्ध येऊन पोहोचले होते. परतीच्या गाडीची घाई येथे तरी करू नये.