अट राहून गेली तर: डेटाबेसमधील सरसकट बदल रोखण्याचा इतिहास

आयबीएमची १९६८ मधली आयएमएस ही डेटाबेस प्रणाली वापरताना प्रोग्राम एकेक नोंद शोधत जाई आणि सापडलेली नोंद बदली. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडले आणि हे चित्र पालटू लागले. आयबीएमच्याच सॅन होजे प्रयोगशाळेतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये सीक्वेल ही भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. या भाषेत एकाच आदेशाने हजारो ओळी बदलता येतात.

याच सामर्थ्यात धोकाही आहे. ‘अपडेट’ आदेशात ‘व्हेअर’ची अट लिहिली नाही, तर तो टेबलातील सगळ्या ओळींना लागू होतो. एका ग्राहकाचा पत्ता बदलताना अट राहिली, की सर्व ग्राहकांचा पत्ता एकच होतो. आदेश नियमात बसत असल्याने त्रुटीचा संदेशही येत नाही.

पहिले संरक्षण व्यवहार या संकल्पनेतून मिळाले. तिचा पाया घालण्यात जिम ग्रे यांचा वाटा मोठा होता. ‘कमिट’ होईपर्यंत बदल कायम होत नाही आणि ‘रोलबॅक’ने तो मागे घेता येतो. मात्र मायएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट, म्हणजे आदेश पूर्ण होताच आपोआप ‘कमिट’ होणे, मुळातच चालू असते. तिथे व्यवहार आधी स्वतःहून सुरू केला नसेल, तर ही वाट बंद होते.

म्हणून आदेश चालण्यापूर्वीच अडवणारे उपाय आले. मायएसक्यूएलचा ‘सेफ अपडेट्स’ पर्याय चालू असताना अटीत की-स्तंभ नसेल आणि आदेशात ‘लिमिट’ही नसेल, तर आदेश नाकारला जातो. मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये तो सुरुवातीपासूनच चालू असतो. पोस्टग्रेससाठी ‘सेफअपडेट’ हे एक्स्टेन्शन तयार झाले. गूगलच्या बिगक्वेरीने ‘अपडेट’ आणि ‘डिलीट’ला ‘व्हेअर’ सक्तीचे केले. सगळ्या ओळी बदलायच्या असतील, तर तिथे ‘व्हेअर ट्रू’ असे स्पष्ट लिहावे लागते.

झालेली चूक निस्तरण्यासाठी ओरॅकलने २००१ च्या ९आय आवृत्तीत फ्लॅशबॅक क्वेरी आणली. तिच्यामुळे टेबलातील काही काळापूर्वीची माहिती पाहता येऊ लागली. पुढच्या १०जी आवृत्तीत अख्खे टेबल पूर्वस्थितीला नेण्याची सोय झाली.

अट लिहिली आहे, पण चुकीची आहे, अशा वेळी सक्तीची ‘व्हेअर’ काहीच अडवू शकत नाही. त्यामुळे तीच अट आधी ‘सिलेक्ट’मध्ये चालवून ओळी मोजणे, व्यवहार सुरू करून मगच बदल करणे, बदललेल्या ओळींचा आकडा जुळल्यावरच ‘कमिट’ करणे आणि लेखनाचा अधिकार मोजक्यांनाच देणे, ही शिस्त आजही आवश्यक आहे.