साखरेची गोळी की गोळीतली साखर?

‘पोरं शिकायला धाडली का खेळायला?’ हा सवाल अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीला काय, कुठल्याच गावाला नवा नाही. खेळाचे कैवारी त्यावर म्हणतात, अभ्यास कडू, खेळ ही वरची साखर. तिच्या निमित्ताने गोळी पोटात जाते. गंमत अशी की हे भांडण लुटुपुटीचे आहे. खुद्द खेळात शिकण्याजोगे काही नसते, यावर दोघांचे एकमत आहे. माझा वाद त्या एकमताशी आहे.

पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा आधी घेऊ. दिल्लीच्या बालवाड्यांतला एक प्रयोग 2017 साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला, संशोधकांत एस्थर डफ्लो आणि एलिझाबेथ स्पेल्की होत्या. संख्या-आकारांचे खेळ खेळलेल्या मुलांची अंदाजाची जाण वाढली, वर्षभराहून अधिक टिकली. शाळेच्या गणितात मात्र ती मुले पुढे गेली नाहीत. विरोधकांनी टाळी पिटावी असाच निष्कर्ष. पण त्या खेळांत कमीजास्त ओळखायचे होते, लिहिलेल्या अंकांशी गाठ नव्हती. जे खेळात नव्हते ते वहीत कुठून उतरणार?

आता अमेरिकेतल्या लास्की आणि सीग्लर यांचा 2014 सालचा प्रयोग पाहा. शंभरापर्यंतच्या घरांचा पट दोन्ही गटांना एकच. फरक फक्त मोजण्याचा. समजा, सोंगटी 37 वर आहे आणि दान तीनचे पडले. एका गटातले मूल ‘एक, दोन, तीन’ म्हणत सरकते, दुसऱ्यातले ‘अडतीस, एकोणचाळीस, चाळीस’. संख्यांची समज वाढली ती दुसऱ्या गटाची. खेळ दोघांनाही तोच होता! म्हणजे साखरेने काम केले नाही; नियमाने केले.

आपल्याकडे तर हा नियम अधिकच मोलाचा. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले तेव्हा केवढा गदारोळ उठला! पण ‘एकोणचाळीस’ म्हणताना चाळीस ऐकू येतात आणि लिहायचा असतो तीन, ही मुलाची अडचण खोटी नव्हती. पटावर ते घर दिसते, चाळीसच्या अलीकडचे, आणि तोंडाने उच्चारावेही लागते.

शिवाय ही काही परदेशी टूम नव्हे. परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते त्या मोक्षपटाच्या, म्हणजे जुन्या सापशिडीच्या, घरांत गुणावगुणांची नावे लिहिलेली असत. ज्ञानेश्वरांचा पैठण-आपेगावचा गोदाकाठ वडीगोद्रीहून फार लांब नाही. त्या पटावर सोंगटी जिथे थांबे तिथले वाचायचे. खेळ आणि धडा तिथे वेगळे नव्हतेच.

साहित्य म्हणाल तर फरशीवर खडूने शंभर घरे आणि चार फोडलेले चिंचोके. जितके पांढरे वर, तितके दान. ऊसतोडीहून उशिरा परतलेल्या मुलालाही पहिल्याच दिवशी डावात घेता येते, कारण चिंचोके हजेरीपट पाहून पडत नाहीत.

शेजारच्या वर्गाला गोंगाटाचा त्रास होतो, हा आक्षेप तेवढा खरा आहे. पट व्हरांड्यात काढावा.