तळटीप : कणसांची चोरी आणि ‘हजेरी’

१. नीरा उजवा कालवा येण्याआधी माळशिरसचा माळ बराचसा कोरडवाहू. १८७६–७८ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळून काढला. अशा सालात रात्री ज्वारीची चार कणसे खुडून ओटीत घालणारी बाई बहुधा उपाशीच असे. कुणब्याने खुडली तर तो एकटा चोर. पारध्याने खुडली तर अख्खी जमात चोर! हा अन्यायच होता. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मुंबई इलाख्यात त्याला सरकारी शिक्का मिळाला. नोंद झालेल्याला पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’ उभी राहिली. त्याच्या जागी आलेला १९२४ चा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. वरील प्रसंगातली शिक्षा वाचताना वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. — संपादक