असमानता, बैजिक
दोन राशींचा लहानमोठेपणा दर्शविणाऱ्या विधानास असमानता म्हणतात. जे मूल्य नेमके लिहिता येत नाही त्यास मर्यादा घालणे, हा तिचा एक जुना उपयोग होय. आर्किमिडीज (इ. स. पू. सु. २८७–२१२) यांनी वर्तुळाचा परीघ व व्यास यांचे गुणोत्तर २२३/७१ पेक्षा मोठे व २२/७ पेक्षा लहान असते, हे सिद्ध केले. ‘<’ व ‘>’ ही चिन्हे मात्र टॉमस हॅरिअट यांच्या १६३१ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रथम छापली गेली.

असमानता समीकरणाप्रमाणेच सोडवितात. परंतु दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणिल्यास वा भागिल्यास चिन्ह उलटते. उदा., ३ − २क्ष < ७ यावरून −२क्ष < ४ व म्हणून क्ष > −२. हे उत्तर एक संख्या नसून संख्यारेषेवरील −२ च्या उजवीकडील सर्व बिंदू होत. −२ वगळल्याचे पोकळ वर्तुळाने दाखवितात. क्ष + य ≤ ४ हिचा आलेख म्हणजे क्ष + य = ४ ही रेषा व तिच्या आदिबिंदूकडील अर्धप्रतल.

अनेक रेषीय असमानता एकत्र सोडविण्याचा विचार झोझेफ फूर्ये यांनी १८२०–३० या दशकात केला. त्याचे व्यावहारिक महत्त्व शतकानंतर पटले. मर्यादित साधनसामग्रीची प्रत्येक अट ही एक असमानता असते आणि सर्व अटींच्या सामाईक प्रदेशातून सर्वांत लाभदायक बिंदू निवडावयाचा असतो. एल्. व्ही. कांटरोव्हिच यांनी १९३९ मध्ये उत्पादन-नियोजनाचे प्रश्न असे मांडले. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांनी ते सोडविण्याची सिंप्लेक्स पद्धती शोधली.