एक शब्दही जास्त नको

कुरखेड्यात रोवणीचे दिवस. सती नदीला गढूळ पाणी चढलंय, बांध्यांत बाया वाकून पऱ्हे लावताहेत. डाकघराच्या ओट्यावर तुम्ही उभे आहात. हातात पोस्टकार्ड, त्यावर लावायला जपून ठेवलेलं २००९ चं तिकीट: वीर बाबूराव शेडमाके. १८५८ साली चांद्याच्या तुरुंगात इंग्रजांनी त्यांना फाशी दिली.

तिकिटाची पाठ ओली करता, तेवढ्यात पाऊस थांबतो.

१० जुलै १९४४. आषाढ असून पायाखाली फुफाटा. ही इटली, तिबेर नदीचं वरचं खोरं, टेकडीवर मोंतोने गाव. कानावर मात्र मराठी पडते. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. तुमच्याही अंगावर खाकी आहे, आणि हातातलं कार्ड बदललंय. त्यावर वाक्यं छापूनच आलेली: मी खुशाल आहे. मला इस्पितळात दाखल केलं आहे. तुमचं पत्र मिळालं. लागू नसेल ती ओळ खोडायची, खाली तारीख आणि सही. एक शब्द जास्त लिहिला, तर कार्ड नष्ट करणार.

शेतातली म्हातारी तुमच्या ओंजळीत पाणी ओतते. तिची बोली कळत नाही. डोंगराकडे केलेली खूण कळते. त्या रानात पार्टिजन आहेत, सान फाउस्तिनो ब्रिगेडचे. जर्मनांशी आणि स्वतःच्याच फॅसिस्टांशी लढणारी गावची माणसं. त्याची किंमत गावांनी मोजली आहे. ९ मेला चित्ता दी कास्तेल्लोत पार्टिजनांना साथ देणाऱ्या वेनान्त्सिओ गाब्रिओत्तींना गोळ्या घातल्या. २२ जूनला गुब्बिओत चाळीस जणांना. २८ ला पेनेतोलात बारा जण मारले.

तुम्हाला चिमूर आठवतं. १६ ऑगस्ट १९४२ ला तिथं लोक उठले, तेव्हा सरकारनं त्यांच्यावर फौज घातली. त्याच सरकारची फौज म्हणून तुम्ही इथं, उठलेल्या लोकांच्या बाजूनं उभे आहात. हे घरी कळवायचं आहे. कोणत्या छापील ओळीत बसवाल?

समोरून मशीनगन सुरू होते. एका तुकडीतले सगळे कोसळतात, उरतो फक्त नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातला, पळसगावचा, बावीस वर्षांचा. तो एकटाच धावतो. हातबॉम्बनं मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही संपवतो; दुसऱ्याला गोळी घालतो. मॅगझिन बदलायला सवड नाही, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं लोळवतो. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याला लागतात.

त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. कबर नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. मोंतोनेकर त्याला विसरले नाहीत. २०२३ मध्ये गावात त्याच्या नावानं सूर्यघड्याळ उभं राहिलं.

पाऊस पुन्हा अंगावर येतो. हातात तुमचं कोरं कार्ड आहे, खोडायला त्यावर काहीच छापलेलं नाही. शेडमाक्यांचं तिकीट अंगठ्यानं दाबून बसवता. मग पत्ता लिहिता: यशवंतराव घाडगे, मोंतोने, जिल्हा पेरुजा, इटली. शाई पसरू नये म्हणून कार्ड सदऱ्याच्या आत धरून पेटीकडे निघता.