डेट्रॉइटचा सौदा : आजचा पिचर की उद्याचा?

मंडळी, आज थोडा वेगळा विषय. बेसबॉल! आपल्यापैकी बऱ्याच जणांना हा खेळ म्हणजे विटीदांडू आणि क्रिकेट यांच्या मधलं काहीतरी वाटतं. पण मिशिगनला मुलीकडे राहून आल्यापासून मला या खेळाच्या इतिहासाची गोडी लागली आहे. तिकडे डेट्रॉइटच्या जुन्या मंडळींपुढे एक नाव काढलं की वाद हमखास सुरू होतो. ते नाव म्हणजे जॉन स्मोल्ट्झ. वाद असा, की १९८७ साली डेट्रॉइट टायगर्सने हा पोरगा देऊन डॉइल अलेक्झांडर हा म्हातारा पिचर घेतला, ते शहाणपणाचं होतं का?

आधी थोडी पार्श्वभूमी. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, आपल्याकडचा गोलंदाज म्हणा. फरक एवढाच, की इथे एकच पिचर सुरुवातीपासून सलग टाकत राहतो. तो दमला किंवा मार खाऊ लागला की त्याच्या जागी दुसरा येतो, पण पहिला पुन्हा मैदानात येऊ शकत नाही. या सुरुवात करणाऱ्यावर सामन्याचा मोठा भार असतो. एका हंगामात १६२ सामने आणि हात तर माणसाचाच, त्यामुळे त्याची पाळी साधारण पाच दिवसांनी येते. म्हणजे संघाला असे चार-पाच पिचर लागतात. त्यातला एक जरी कच्चा असला तरी दर पाचवा सामना धोक्यात!

आता १९८७ चा ऑगस्ट. टायगर्स आपल्या गटात टोरांटो ब्लू जेजच्या खांद्याला खांदा लावून धावत होते. त्या काळी आजच्यासारखी जास्तीच्या जागांची सोय नव्हती. गटात पहिला आला तोच पुढे, दुसरा सरळ घरी. त्यात संघ वयस्कर झालेला. डॅरेल इव्हान्स तर चाळिशीचा होता आणि त्या वर्षी त्याने ३४ होमरन मारले! १९८४ साली वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या मंडळींचे शेवटचे चांगले दिवस चालू आहेत, हे सगळ्यांना दिसत होतं.

१२ ऑगस्टला अटलांटा ब्रेव्ह्ज संघाशी सौदा झाला. डेट्रॉइटला मिळाला अलेक्झांडर. वय ३६, त्या हंगामात अटलांटाकडून ५ विजय आणि १० पराभव. अटलांटाला मिळाला वीस वर्षांचा स्मोल्ट्झ, जो अजून खालच्या दर्जाच्या संघात शिकत होता. त्याचं त्या वर्षीचं प्रगतीपुस्तक म्हणजे ४ विजय, १० पराभव आणि दर नऊ डावांमागे साडेपाचहून अधिक धावा. १९८५ च्या निवडीत त्याला टायगर्सनेच घेतलं होतं, तेही बाविसाव्या फेरीत. पण पोरगा मिशिगनचाच. त्याचे आजोबा टायगर्सच्या मैदानावर नोकरीला होते. ज्या संघाची स्वप्नं बघत मोठा झाला, त्याच संघाने त्याला दुसऱ्याच्या हवाली केलं.

इथे एक गोष्ट आपल्या लोकांना खटकते. खेळाडूला न विचारता त्याची अदलाबदल? होय, तिथे ती रीतच होती. कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूने १९६९ साली झालेली आपली बदली नाकारली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. १९७२ साली तो हरला, पण पुढे काही वर्षांतच खेळाडूंना करार संपल्यावर संघ निवडण्याचा हक्क मिळाला. मात्र स्मोल्ट्झसारख्या नवशिक्याच्या हाती असं काहीच नव्हतं.

पुढे काय झालं? अलेक्झांडरने डेट्रॉइटसाठी ११ सामन्यांत सुरुवात केली. ९ विजय, पराभव शून्य! सरासरी दर नऊ डावांना १.५३ धावा. हंगामाचा शेवटचा आठवडा तर कादंबरीत शोभावा असा. सात सामने उरले असताना टोरांटो साडेतीन सामन्यांनी पुढे होता, आणि ते सातही सामने तो हरला. २ ऑक्टोबरला डेट्रॉइटमध्ये दोघांची गाठ पडली तेव्हा पहिला सामना अलेक्झांडरनेच ४-३ असा जिंकून दिला. गंमत म्हणजे आदल्या वर्षीपर्यंत तो टोरांटोचाच पिचर होता. ४ ऑक्टोबरला फ्रँक टनानाने १-० असा शेवटचा सामना जिंकला आणि ९८ विजयांसह टायगर्स पहिले आले. टोरांटोचे ९६. दोनच विजयांचा फरक! आता सांगा, अलेक्झांडर नसता तर?

पण इथेच गोडी संपली. पुढच्या फेरीत मिनेसोटा ट्विन्सने टायगर्सना पाचच सामन्यांत गुंडाळलं, आणि त्यातले दोन पराभव अलेक्झांडरच्याच नावावर लागले. १९८९ साली त्याच्या नावावर ६ विजय आणि १८ पराभव होते. त्यानंतर त्याने खेळ सोडला.

आणि स्मोल्ट्झ? १९८८ साली पदार्पण केलं तेव्हा २ विजय आणि ७ पराभव. अटलांटाचा संघ तळाशी होता, म्हणून त्यांना वाट बघणं परवडत होतं. १९९१ पासून मात्र तो संघ असा काही उठला की २००५ पर्यंत, संपामुळे अर्धवट राहिलेलं १९९४ सोडून, प्रत्येक वर्षी गटात पहिला. स्मोल्ट्झने १९९६ साली २४ सामने जिंकून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. कारकिर्दीत २१३ विजय, शिवाय शेवटी येऊन सामना राखण्याची कामगिरी १५४ वेळा. २००५ च्या आधी आणि नंतरही या दोन्ही गोष्टी इतक्या प्रमाणात एकाच माणसाला साधलेल्या नाहीत. २०१५ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

म्हणून बहुतेक लोक निकाल देऊन मोकळे होतात, की डेट्रॉइट फसलं. मला हे पटत नाही. इतिहास शिकवताना मी वर्गात नेहमी सांगत असे, की निर्णय घेणाऱ्याच्या हातात त्या दिवशी जे कागद होते तेवढेच तुम्हीही समोर ठेवा, पुढचं पान उलटू नका. त्या दिवशीच्या कागदांवर स्मोल्ट्झ म्हणजे चार जिंकून दहा हरलेला पोरगा. असे शेकडो असतात आणि त्यातले बहुतेक मोठ्या संघापर्यंत पोचतही नाहीत. समोर मात्र उघडं दार होतं, आणि संघाकडे वर्षं थोडी उरली होती.

खरोखर फसलेला सौदा बघायचा असेल तर १९६४ चा बघा. शिकागो कब्जने १५ जूनला लू ब्रॉक हा तरुण खेळाडू, आणखी काही जणांसह, सेंट लुइस कार्डिनल्सला दिला आणि एर्नी ब्रॉग्लिओ हा पिचर घेतला. आदल्या वर्षी १८ सामने जिंकलेला नावाजलेला पिचर! पण त्याचं कोपर दुखावलेलं होतं. शिकागोसाठी त्याने एकूण ७ सामने जिंकले, १९ हरले. कब्ज त्या वर्षी आठवे आले. ब्रॉक मात्र त्याच वर्षी कार्डिनल्सबरोबर वर्ल्ड सिरीज जिंकला, आणि पुढे ३,०२३ हिट आणि ९३८ बेस चोरून हॉल ऑफ फेममध्ये गेला. तिथे आजही गेला आणि उद्याही.

डेट्रॉइटला निदान आज तरी मिळाला. सात आठवडे सबंध शहर रेडिओला कान लावून बसलं होतं, त्याला काही किंमत आहे की नाही? आणि स्मोल्ट्झ राहिला असता तरी सगळं सावरलं असतं असं नाही. १९८९ साली टायगर्स १०३ सामने हरले. असा ढासळलेला संघ पाच दिवसांतून एकदा टाकणारा एक पोरगा कुठवर उचलून धरणार?

तरीही एक प्रसंग वाचला की मीही गप्प होतो. १९९१ च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना. एका बाजूला अटलांटाचा स्मोल्ट्झ, दुसऱ्या बाजूला मिनेसोटाचा जॅक मॉरिस. मॉरिस १९८७ च्या त्या टायगर्सचा मुख्य पिचर आणि स्मोल्ट्झचा लहानपणापासूनचा आदर्श. स्मोल्ट्झने सात डावांहून जास्त वेळ एकही धाव दिली नाही. मॉरिसने दहा डाव टाकले आणि सामना १-० ने जिंकला. दोघांच्याही अंगावर टायगर्सचा गणवेश नव्हता. डेट्रॉइटकरांनी तो सामना कसा पाहिला असेल, कोण जाणे!

सौदा बरोबर होता असं माझं मत कायम आहे. पण बरोबर निर्णयाचीही किंमत मोजावी लागते, आणि कधीकधी ती वीस वर्षं मोजत बसावी लागते. टायगर्स त्यानंतर थेट २००६ मध्ये पुन्हा बाद फेरीत पोचले.