मिरगी, कॅमेरा आणि साक्षीदार

मिरगी, फेफरं, आकडी, फिट. आमच्या वऱ्हाडात 'मिरगी' जास्त चालतं, डॉक्टरांसमोर 'झटके'. सगळ्यात नेमकं नाव मात्र संस्कृतातलं: अपस्मार, म्हणजे स्मृती निघून जाणं. चरकसंहितेत या आजाराचे चार प्रकार केलेत: वात, पित्त, कफ आणि तिन्ही एकत्र. प्रकारांचं सोडा, नावातली गोम बघा. ज्याला झटका येतो, बहुतेक वेळा त्यालाच तो आठवत नाही. म्हणजे वैद्याला जे सांगायचं ते दुसऱ्या कुणीतरी बघितलेलं. आणि बघणारा तरी कसा? घाबरलेला, एका हातात फोडलेला कांदा, दुसऱ्या हातात चप्पल!

या विकांताला हे सगळं वाचत बसलो, कारण अकोल्याच्या माझ्या मामेबहिणीला (वय १६, अकरावी सायन्स) डॉक्टरांनी व्हिडिओ ईईजी करायला सांगितलंय. दोन औषधं नीट घेऊनही झटके थांबत नाहीत. असे रुग्ण एकूणात साधारण एक तृतीयांश असतात. साधा ईईजी दोनदा झाला, एकदा अकोल्यात, एकदा अमरावतीला. दोन्ही नॉर्मल. अर्ध्या तासाच्या त्या पट्टीत झटका आला नाही तर काही न सापडणं अगदी शक्य आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर बग रिप्रोड्यूस होत नाही.

मग काय करायचं? आपण जे करतो तेच. लॉगिंग चालू ठेवायचं आणि बग येईपर्यंत वाट बघायची. डोक्याला विसेक इलेक्ट्रोड पेस्टने चिकटवतात, समोर कॅमेरा, आणि काही दिवस त्याच खोलीत मुक्काम. सोबत घरचं माणूस, हाताशी एक बटण. झटका येतोय असं वाटलं की दाबायचं. गरज पडली तर औषधं हळूहळू कमी करतात. जो येऊ नये म्हणून घरच्यांनी चार वर्षं देवापासून डॉक्टरांपर्यंत सगळं केलं, तो आता यावा म्हणून बसायचं. एकामागून एक झटके येण्याचा धोका असतो, म्हणून हे हॉस्पिटलातच करायचं, नर्सच्या नजरेखाली.

मामीला औषधं कमी करण्यापेक्षा कॅमेऱ्याचीच धास्ती जास्त. "पोरीले रातंदिवस कॅमेऱ्यात काहून ठेवतेत? उद्या कोनी पाह्यलं त लगन कसं जमन?"

मामीला हसू नका. या कॅमेऱ्याचा इतिहास फारसा स्वच्छ नाही.

१८७५ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर हॉस्पिटलात ऑगस्टिन नावाची १४ वर्षांची मुलगी दाखल झाली. प्रमुख होते शार्को, न्यूरॉलॉजीतलं केवढं मोठं नाव! निदान काय, तर 'हिस्टेरो-एपिलेप्सी', हिस्टेरिया आणि मिरगी यांची खिचडी. तिच्या झटक्यांचे फोटो काढले गेले, पुस्तकात छापले गेले, जगभर गाजले. (त्या फोटोग्रंथाचा पहिला खंड १८७६-७७ चा. १८७६ मध्येच इकडे अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात डेबूजीचा, म्हणजे गाडगेबाबांचा जन्म झाला. बाबांनी पुढे आयुष्यभर अंगात येणं आणि नवससायास यांवर कोरडे ओढले.) ऑगस्टिन १८८० मध्ये पुरुषाचे कपडे घालून हॉस्पिटलातून पळून गेली. मला या सगळ्या इतिहासात तीच सर्वांत शहाणी वाटते.

पुढे सिनेमा आला. १९०५ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या क्रेग कॉलनीत, म्हणजे मिरगीच्या रुग्णांच्या वसाहतीत, वॉल्टर चेस या डॉक्टरने झटक्यांची चित्रफीत काढली. त्यात माणसं जवळजवळ उघडी आहेत. शरीर दिसतं, पण मेंदूत काय चाललंय ते नाही. ते दाखवणारं यंत्र जर्मनीत येना इथे हान्स बर्गरने बनवलं: माणसाच्या मेंदूची पहिली नोंद १९२४, प्रसिद्धी १९२९. सुरुवातीच्या नोंदींत त्याचा किशोरवयीन मुलगा क्लाऊसही आहे.

शरीर आणि मेंदू एकाच वेळी, एकाच फिल्मवर आणण्याचं तंत्र १९४९ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये हंटर आणि जॅस्पर यांनी मांडलं. आणि १९७५ मध्ये पेन्री व सहकाऱ्यांनी ४८ रुग्णांचे ३७४ झटके व्हिडिओ टेपवर ईईजीसोबत नोंदवले. हे झटके 'मूल टक लावून बसतं' छापाचे. फिल्म सावकाश बघितल्यावर कळलं की नुसतं टक लावणं दहातल्या एकाही झटक्यात धड नव्हतं. बाकी सगळ्यांत पापण्या, ओठ, हात काहीतरी हलत होतं. आईबापांनी, मास्तरांनी आणि डॉक्टरांनीसुद्धा वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघून जे निसटलं, ते इथे सापडलं.

हा धागा भारतातही येतो. मॉन्ट्रियललाच पेनफिल्डच्या हाताखाली शिकलेले डॉ. जेकब चांडी १९४९ मध्ये वेल्लोरला आले आणि १९५२ मध्ये त्यांनी मिरगीची शस्त्रक्रिया केली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत असा कार्यक्रम १९९५ पासून आहे. आपल्याकडे अकोल्याचं सरकारी मेडिकल कॉलेजच मुळी २००२ चं, त्यामुळे मोठं दुखणं म्हटलं की नागपूर नाहीतर मुंबई, ही वऱ्हाडाची जुनी सवय.

आता लग्न. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके वेडाच्या झटक्यांच्या रांगेत बसवले, आणि त्या आधारावर विवाह रद्द करून मागता येऊ लागला. तो शब्द निघाला डिसेंबर १९९९ मध्ये. मामीचं लग्न १९९८ चं. म्हणजे तिची भीती काही वर्षं चक्क कायद्यात छापलेली होती.

असो. सही आईवडिलांचीच लागणार, १८ पूर्ण नाहीत. पण मी फोनवर बहिणीला विचारलं, तुला काय वाटतं? थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "दादा, शिकवणीत झटका आला तवा पोरायनं मोबाइलवर शूटिंग केली. वर्गातल्या सगळ्याइनं पाह्यली. मले काय होते हे सगळ्याइले माहीत हाय, मलेच नाही."

यावर मी काय बोलणार? तिला सरळ इतकंच सांगितलं की यातून काय काय निघू शकतं. झटका मेंदूच्या एकाच जागेतून सुरू होत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. अनेक जागांतून होत असेल, तर औषधं बदलतात. आणि मोठ्या केंद्रांत तपासलेल्यांपैकी २० ते ३० टक्के जणांचे झटके मुळात मिरगीचे नसतातच. ते खरेच असतात, नाटक नव्हे, पण उपचार वेगळे, आणि मिरगीच्या गोळ्यांचा उपयोग नाही. कधी आठवडाभर बसूनही झटका येत नाही आणि हात हलवत परतावं लागतं. हेही सांगितलं.

तिने वहीत तीन प्रश्न लिहून डॉक्टरांना विचारले. रेकॉर्डिंग कोण बघणार? उपचार करणारी टीम. किती दिवस ठेवणार? झटक्यांचे तुकडे फाइलला, बाकी पुसतात. मला बघायला मिळेल का? हो, सोबत बसून.

वार्षिक परीक्षेनंतरची तारीख घेतलीय. अमरावती-मुंबई गाडी, अकोल्याहून रात्री, मामी सोबत. काल पुन्हा फोन आला होता, केस कापावे लागतात का म्हणून. नाही लागत. पेस्ट निघायला दोन-तीनदा शाम्पू करावा लागतो, एवढंच.